विष्णुभटांचा बेत

१८५७ साली कोकणातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी उत्तरेस जाण्याचा बेत केला, तो मुख्यतः द्रव्यासाठी. घरी कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, ही आशा होती. वाटेतच उठावाची वार्ता आली. पुढे १८५८ मध्ये ते झाशीच्या वेढ्यात सापडले. जवळचे द्रव्य लुटले गेले. बेत पार मोडला, तरी ते वाराणसीस गेलेच. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर उभारलेल्या त्या नगरीत मराठी माणूस परका नव्हता. परतताना त्यांनी गंगाजलाची कावड खांद्यावर घेतली. कोकण शेकडो कोस दूर. इतकी वाट ते पाणी जपत चालायचे, याची आज कल्पनाच करावी! द्रव्य आणण्यास निघालेल्या विष्णुभटांनी घरी आणले ते पाणी, आणि त्याने आईवडिलांना स्नान घातले.