तेलाने माखलेले हात

आम्ही कचेरीतले कारकून. आमच्या वडिलांनी मार्केट यार्डात पोती वाहिली आणि आम्हांला बी.कॉम. केले. तेव्हापासून आमच्या डोक्यात एकच हिशेब पक्का बसला होता. टेबल-खुर्चीची नोकरी म्हणजे प्रगती, काळे हात म्हणजे मागासलेपण. म्हणून थोरल्या मुलीने दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा आम्ही महिनाभर तिच्याशी नीट बोललो नाही. फी मुलांच्या आईने भरली.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. सहा तारखेला नाशिकहून चैत्यभूमीला जायचे होते. वस्तीतली दोन म्हातारी माणसे आमच्या जुन्या ओम्नीतून येणार होती. आदल्या आठवड्यात गाडीखाली तेलाचा डाग दिसला. गॅरेजवाल्याने वरवर पाहिले आणि गिअर बॉक्स उतरवावा लागेल, सहा हजार लागतील, असे सांगितले. आमच्या पगाराला ते झेपणारे नव्हते. तेल गळून कमी झाले, तर कसारा घाटात गिअर बॉक्सचे बेअरिंग जळायची भीती. जाणे रद्द करू, असे आम्ही म्हणालो.

मुलगी म्हणाली, “पप्पा, आधी तपासू तर द्या.”

तिने रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावरचे तेल बोटावर घेऊन आम्हांला हुंगायला दिले. दाट तेल, गंधकासारखा उग्र वास. म्हणजे इंजिनचे नव्हे, गिअरचे तेल. गिअर बॉक्समधून शाफ्ट जिथे मागच्या चाकांकडे निघतो, तिथल्या रबरी सीलमधून ते झिरपत होते. वयाने व उष्णतेने रबर कडक होते, त्याची कड झिजते. सील मिळाले दीडशे रुपयांत.

रविवारी आम्ही दोघे कामाला लागलो. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा भरवसा नाही, म्हणून पुढच्या चाकांना दगडांची ओट दिली. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरायचे नाही, हे तिने आम्हांला दोनदा बजावले आणि घोड्या लावल्या. मागची बाजू उंच राहिली की तेलही कमी सांडते. मागच्या जोडावर खडूने खूण करून चार बोल्ट सोडले, शाफ्ट ओढून काढला. जुने सील उचकटून जागा स्वच्छ पुसली. शाफ्टवर खाच पडली नाही ना, हे तिने नखाने चाचपले. नव्या सीलच्या कडेला ग्रीस लावून, लाकडी ठोकळ्याने सगळीकडून सारखे ठोकत बसवले. गिअर बॉक्सची हवा जायची बारीक वाटही साफ केली. ती बुजली तर आतल्या दाबाने नवे सीलही गळते. शेवटी गाडी सपाट उतरवून, लेव्हलच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरले.

पाने हातात देण्याचे काम आमचे होते. दोनदा चुकीचा पाना दिला. ती हसली, आम्हीही हसलो.

सहा तारखेला पहाटे घाट उतरताना त्या म्हाताऱ्या मावशी पोरीला म्हणाल्या, “बाई, तुझ्यामुळं बाबांचं दर्शन घडतंय.” आम्ही मान खाली घातली.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले, की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. त्यांचा आक्षेप हातांनी काम करण्यावर नव्हता; आवड व कुवत न पाहता जन्मावरून काम लादण्यावर होता. आम्ही सभांमधून हेच सांगत आलो. पण घरात मात्र आवडीने शिकलेल्या हुन्नरालाच कमी लेखत होतो. आमच्या वडिलांच्या पाठीवर काम लादले होते. आमच्या मुलीने ते निवडले. एवढा फरक आम्हांला एका दीडशे रुपयांच्या सीलने शिकवला.

बंधू-भगिनींनो, आपल्या लेकरांनी, विशेषतः लेकींनी, अवजार हाती घ्यायचे म्हटले तर आमच्यासारखे तोंड फिरवू नका.

जयभीम!