हातखंब्याचा तिठा आणि गूळ-कोकमाची कोंबडी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग संगमेश्वर, निवळी मागे टाकून हातखंब्याला येतो. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. हातखंब्याला तिठा लागतो. उजवीकडे वळलं की रत्नागिरी. सरळ गेलं की पाली, आणि पालीहून डावीकडे साखरपा, आंबा घाट, मलकापूर आणि कोल्हापूर. मुंबईचे चाकरमानी आणि आखातातून सुट्टीवर आलेले आपले लोक याच तिठ्यावरून गावाकडे वळतात.

याच वाटेने कोल्हापूरचा गूळ घाट उतरून कोकणात येतो आणि कोकणातलं कोकम घाटावर जातं. आम्हा रत्नागिरीकरांच्या स्वयंपाकघरात हे दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात. गोड आणि तिखट एकत्र खाणंही आपल्याला नवं नाही. नारळाच्या दुधातलं गोडसर सांदण कोंबडीच्या रश्शाबरोबर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो.

आमच्याकडे एरवी मान मासळीचा. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा बाहेर धो धो पाऊस आणि घरात कोंबडी. अशा वेळी मुलं हॉटेलात मिळते तशी गोड-खारट, वरून चकाकणारी कोंबडी मागतात. जपानी लोक तिला ‘तेरियाकी’ म्हणतात. ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणं. पण तिच्या मूळ कृतीत मिरिन असतं, म्हणजे तांदळापासून केलेलं गोड मद्य. कोंबडी हलाल असून भागत नाही, तिच्यावर काय ओतलं तेही पाहावं लागतं. मुलांना नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा आम्ही गूळ आणि कोकम पुढे केलं.

एक किलो कोंबडीचे मध्यम तुकडे घ्यावेत. दोन चमचे आलं-लसणाचं वाटण, हळद, लाल तिखट आणि बेताचंच मीठ लावून अर्धा तास ठेवावेत. मीठ बेताचं, कारण पुढे घालायच्या आगळात मीठ असतंच. पसरट कढईत थोड्या तेलावर तुकडे दोन्ही बाजूंनी लालसर परतावेत, झाकण ठेवून पूर्ण शिजवून घ्यावेत. मग चार मोठे चमचे किसलेला गूळ, तीन चमचे कोकमाचं आगळ आणि अर्धा चमचा भरडलेली मिरी घालावी. आगळ नसेल तर आठ-दहा आमसुलं गरम पाण्यात भिजवून कुस्करावीत आणि ते पाणी घ्यावं. मग मीठ चवीप्रमाणे वाढवावं.

आता झाकण काढून मंद आचेवर सतत हलवत राहायचं. पाणी आटतं, पाक दाट होतो आणि तुकड्यांना चिकटून चकाकू लागतो. कोकमाच्या आंबटपणामुळे गूळ दाणेदार होत नाही. मात्र गूळ लवकर करपतो, म्हणून तो कोंबडी शिजल्यावरच घालायचा. चमच्याच्या पाठीवर पाकाचा थर राहिला की गॅस बंद करावा. गार होताना पाक आणखी दाटतो. सोबत तांदळाची भाकरी नाहीतर घावणे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना शिकवलं होतं की रस्सा शिजवताना पाणी वाढवावं आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. आमच्या या पाकात पाणी वाढवता येत नाही, वाढवलं तर सगळी चकाकी जाते. म्हणून आम्ही कोंबडीच पाव किलो जास्त आणतो. पावसाळ्यात मासळी आमच्या घरी नसते तशी शेजारीही नसते. झाकलेली ताटली घेऊन कुंपण ओलांडायचं काम मुलांकडेच असतं. हॉटेलच्या कोंबडीत त्यांना ही गोष्ट कुठे शिकायला मिळाली असती?