धोबीतलावच्या कुडी

मुंबईत धोबीतलाव म्हणून जो चौक आहे, तेथे आता तलाव नाही. तो बुजून फार काळ लोटला. परंतु भोवतालच्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने चढून गेले असता गोमंतकातील गावांची नावे ल्यालेल्या पाट्या दृष्टीस पडतात. याच त्या 'कुडी'. जेर महाल या एका इमारतीतच त्या कितीतरी आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथील एकीत तासभर बसून आलो.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोव्याचा तरुण जहाजावर खलाशी वा स्वयंपाकी होण्यासाठी मुंबईस येई, तो प्रथम आपल्या गावच्या कुडीत उतरे. मागे पोर्तुगिजांचे राज्य, पुढे इंग्रजांचे. कायदा निराळा, राजभाषा निराळी. कुडीत पाऊल टाकताच मात्र गावची बोली कानी पडे. भिंतीलगत पेट्यांची रांग असे. ज्याची पेटी तेथे, त्याचे बिऱ्हाड तेथे! रात्री पेटीपुढेच चटई पसरावयाची. मालक महिनोगणती समुद्रावर असला तरी पेटी जागची हलत नसे. जहाज न मिळालेल्यास उसने पैसे मिळत, आजाऱ्याची सोबत होई, आणि सायंकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा हा दंडक होता.

याच मंडळींच्या मुंबईत कोंकणी तियात्र जन्मास आला, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात लुकाझिन रिबेरो यांनी 'इटालियन भुर्गो' रंगभूमीवर आणला. पुढे जुआंव आगोस्तिन फेर्नांदिश यांनी तो वाढविला. त्यांच्या पत्नी रेजिना १९०४ मध्ये रंगमंचावर उभ्या राहिल्या, तोवर स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. १९०७ मध्ये शहरात विजेची ट्राम आली. घरी पाठवावयाचे पैसे बाजूस काढून उरलेल्या आण्यांत ट्राम परवडे की तियात्र, हा हिशेब त्या पेट्यांवर बसूनच होत असला पाहिजे.

आता कुडीत माणसे थोडी. चाकांच्या बॅगाच अधिक दिसल्या. कोपऱ्यात मात्र एक जुनी लाकडी पेटी होती. तिच्यावरील रंगाची अक्षरे पुसट झाली होती. ही कोणाची, असे आम्ही राखणदारास विचारले.

"मालक गेला तो परतला नाही. फार वर्षे झाली," तो म्हणाला.

"मग काढून का टाकीत नाही?"

"काढायची कोणी? तो आला तर उतरेल कोठे?"

एवढ्यात तेर्सची घंटा झाली. पाचसहा जण उठले. राखणदाराने पेटीवरील धूळ आपल्या पंचाने पुसली व वेदीवरची मेणबत्ती पेटविण्यास तो गेला.