बूट बोटं वाचवतो, पोटरीचं काय?

पाळी सुटायच्या वेळी मोहटादेवी चौकात उभं राहा आणि लोकांच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघा. जड काळे सेफ्टी बूट आणि त्यात पाय ओढत चालणारी पंचविशीतली पोरं. विचारलं की ठरलेलं उत्तर: "काही नाही सर, पोटऱ्या भरून आल्यात."

सेफ्टी बूट नकोत असं मी म्हणत नाही. आयएस 15298 मानकाच्या सेफ्टी शूजची पुढची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभरावरून पडलं तरी बोटं वाचावीत. वाळूजसारख्या ठिकाणी ते हवंच.

पण पोटरी हा पायाचा पंप आहे. चालताना ती आवळते, सैल होते आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलते. आषाढीला शहरातून आपल्या छोट्या पंढरपूरला पायी येणारे थकतात, पण त्यांचा पंप चालू असतो. मशीनपुढे आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा तास एकाच जागी उभं राहिलं की तो जवळजवळ बंद. मग पाय सुजतात, पुढे काहींच्या शिरा फुगतात.

त्यात बूट मापाचा नसला तर बघायलाच नको. कंत्राटी पोराला 7 नंबर लागतो, हातात पडतो 9. "दोन मोजे घाल" म्हणे! सैल बुटात पाय सरकतो, बोटं सारखी पकड घेत राहतात, पोटरी फुकट राबते. बायकांच्या मापाचे बूट तर बऱ्याचदा स्टॉकमध्येच नसतात. (उंच टाचेच्या सँडलचं उलटं: टाच रोज वर राहून पोटरी आखडते, मग सपाट चपलेत दुखते.)

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 होतं: उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या, कामात सवड मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून. नव्या संहितेतही ती सोय आहे. तुमच्या लाइनवर स्टूल आहे का? असला तर त्यावर बसू देतात का? की सुपरवायझरची बॅग असते त्यावर?

बूट वाटप असेल तेव्हा माप ड्युटी संपल्यावर द्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. टाच एका बाजूनं झिजली की बदलून मागा. आणि उभ्या उभ्या दर थोड्या वेळानं दहा-वीस वेळा टाचा उचला, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.