चादरी वाळेनात

जुलैमध्ये इचलकरंजीत कपडे वाळवणे हे एक वेगळेच काम होऊन बसते. पंचगंगा फुगलेली, गॅलरीत दोऱ्या, स्वयंपाकघरात दोऱ्या, पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठीवर शर्ट. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव कापडावर जगते; आणि घरातली एक चादर काही वाळत नाही. दरवर्षी आम्ही यावर हसायचो. गेल्या पावसाळ्यात हसू आले नाही.

आम्ही दोघेही शिक्षक. सकाळी घर सोडतो ते दुपार कलल्यावर परततो. अम्मींना अर्धांगवायूचा झटका येऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. उजवी बाजू अजून पुरती साथ देत नाही. रात्री कधी कधी त्यांना उठवेपर्यंत उशीर होतो आणि चादर बदलावी लागते. नमाज त्या पलंगावर बसूनच पढतात, पण कपडे आणि अंथरूण पाकच हवे, तिथे तडजोड नाही. त्यामुळे वॉशिंग मशीन आमच्याकडे चैनीची वस्तू नाही. साधेच, सेमी ऑटोमॅटिक. एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला ड्रायर. ड्रायर आपण म्हणतो एवढेच. परदेशातल्या ड्रायरसारखी गरम हवा त्यात नसते. तो कपडे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो, उरलेले काम पंख्याने करायचे. तरी हाताने पिळलेली चादर आणि ड्रायरमधून निघालेली चादर यांत पावसाळ्यात एका दिवसाचा फरक पडतो.

तो ड्रायर बंद पडला. टायमर फिरवला की नुसते ‘हूंऽऽ’, भांडे जागचे हलेना. दुरुस्तीवाला आला, दोन मिनिटे उभा राहिला आणि म्हणाला, ‘मोटार गेली सर. नवीनच घ्या.’ मुलीच्या क्लासची फी नुकतीच भरलेली. मशीन पुढच्या पगारावर ढकलले.

आठच दिवसांत अम्मींना थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला. ‘या पाणी पितात की नाही?’ त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी एकदमच ‘पितात’ म्हणून सांगितले. घरी आल्यावर धाकटी हळूच म्हणाली, ‘दादीची बाटली संध्याकाळी भरलेलीच असते.’

अम्मींना विचारले. आधी बोलेनात. मग म्हणाल्या, ‘चादरी वाळत नाहीत. तुम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत पिळत बसता. मी कमी प्यायले तर एक चादर तरी वाचते.’

आम्हाला काही बोलता आले नाही. रोज रात्री चादर पिळताना ‘काय कटकट आहे’ हे आमच्याच तोंडून निघालेले, आणि भिंत एकच.

त्याच रात्री गल्लीतल्या मामूंना बोलावले. मामू म्हणजे नात्याचे नव्हेत, सगळ्या गल्लीचे मामू. तीस वर्षे यंत्रमागावर जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारे. आल्या आल्या त्यांनी प्लग काढायला लावला. ‘पहिलं हे. बटन बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका.’ मग हात घालून भांडे फिरवून बघितले. जरा अडखळत होते. आतल्या भांड्याच्या आणि बाहेरच्या टबाच्या फटीतून त्यांनी चिमट्याने काय काढले असेल? आमचा शाळेचा मोजा, जोडीदाराविना महिनाभर कपाटात पडलेल्या दुसऱ्या मोज्याचा भाऊ. आता भांडे हाताने मोकळे फिरू लागले. झाकण उघडले की ब्रेक लागतो आणि झाकण बंद केले की सुटतो, तेही तपासले. ब्रेकची तार ठीक होती. प्लग लावला. पुन्हा ‘हूंऽऽ’.

‘मोटार गेली असती तर हा आवाज कशाला आला असता?’ मामू म्हणाले. ‘मागाच्या मोटारीला थ्री फेज असतं, ती आपली आपण उठते. घरची लाइन सिंगल फेज. ह्या मोटारीला उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. तो हात म्हणजे कपॅसिटर.’

पलंगावरून अम्मी म्हणाल्या, ‘माझ्यासारखीच की मग.’ मामू हसले. आम्ही मात्र स्क्रू शोधण्यात गढलो.

मागचे पत्र्याचे झाकण उघडले. कपॅसिटर फुगलेला होता, साध्या डोळ्यांना दिसत होता. आम्ही बोट पुढे केले तेवढ्यात मामू ओरडले. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते, झटका बसतो. लाकडी मुठीच्या पेचकसाने त्यांनी आधी ती उतरवली. जुन्यावर मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टचा आकडा होता, तो कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी नेमका तसाच आणला. दीडशे रुपयांच्या आत काम झाले. कुठली वायर कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो फार उपयोगी पडला. (ज्यांना वायरींची भीती वाटते त्यांनी मात्र जाणत्या माणसालाच बोलवावे. आमच्याजवळ मामू होते.)

ड्रायर सुरू झाला तेव्हा इतका थडथडला की धाकटी पळाली. चादर एका बाजूला गोळा झाली होती. ती गोल पसरून घातली, वर जाळीची चकती दाबली, मग शांत फिरला. बाहेर काढलेली चादर अम्मींनी डाव्या हाताने चाचपली आणि म्हणाल्या, ‘दमट आहे अजून. पंख्याखाली टाका.’

बाटलीवर आता मार्करने तीन रेघा मारल्या आहेत, एकेक रेघ कुठवर कधी प्यायची ते ठरले आहे. धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती रेघ बघते. अम्मींना हा पहारा मंजूर नाही. मागच्या आठवड्यात खिडकीतल्या कुंडीत पाणी ओतताना त्या पकडल्या गेल्या.