घट

मराठीत बॅटरी ‘उतरते’ आणि सेल ‘बसतो’. ताप उतरतो, नशा उतरते, पारा उतरतो. जे उतरतं ते पुन्हा चढू शकतं, हे त्या क्रियापदातच धरलेलं असतं. बसणं मात्र निराळं. आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते. बसलेलं उठेलच याची खात्री नसते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच वस्तूला ‘विद्युतघट’ म्हणतात: कोरडा विद्युतघट, निकेल-कॅडमिअम घट. मला हा शब्द फार आवडतो. नवरात्रात बसवतो तो घट पुल्लिंगी, भरायचा. आणि उत्पन्नात, वजनात, दृष्टीत होते ती घट स्त्रीलिंगी, सोसायची. शब्द दोन, उच्चार एक. आमच्या घरातल्या एका मिठाईच्या डब्यात हे दोन्ही घट एकत्र नांदतात.

डबा माझ्या वडिलांचा आहे. त्यात एकेचाळीस पेन्सिल सेल आहेत, सगळे रिचार्जेबल, सगळे कोणी ना कोणी टाकून दिलेले. शेजारच्यांच्या कॅमेऱ्यातले, नातवंडांच्या खेळण्यांतले, एका बंद पडलेल्या स्टुडिओतले. प्रत्येकाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर बॉलपेनने तारीख आणि एक आकडा. आकडा एमएएचमधला: हा सेल भरला तर किती देतो त्याचं माप. कंपनीने वेष्टनावर छापलेलं असतं २०००. बाबांच्या पट्टीवर असतं १४२०, ९६०, ६४०.

भनपुरी ही रायपूरची कारखान्यांची बाजू. बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की लाकडाच्या वखारी, आरा मशिनी, रोलिंग मिल, ट्रकांच्या रांगा. पुढे बिरगाव, उरला, सिलतरा. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळी भुकटी बसते, म्हणून आई पापड नेहमी जुन्या साडीखाली वाळवायची. बाबा भंडाऱ्याकडून आयटीआयचं वायरमनचं प्रमाणपत्र घेऊन इथे आले आणि एका मिलच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये निवृत्त झाले. पन्नास वर्षं छत्तीसगढमध्ये काढूनही त्यांची मराठी नागपुरीच राहिली. मी टेबलाशी बसलेली दिसले की ते विचारतात, “काय करून राहिली?” आणि मी म्हणते, “भाषांतर.” मग ते म्हणतात, “मी पण.”

त्यांचं काम खरंच भाषांतरासारखं सावकाश चालतं. पूर्ण बसलेला सेल हल्लीचा हुशार चार्जर घेतच नाही. व्होल्टेज शून्याजवळ दिसलं की तो सेल खराब आहे असं ठरवून दिवा लुकलुकवतो. त्यासाठी बाबांनी एक जुना, काहीही न समजणारा चार्जर जपून ठेवला आहे. त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून, हात लावून गरम होत नाही ना हे बघत, सेल जरा वर आणायचा. मग हुशार चार्जरमध्ये, पण अगदी हळू: क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने सोळा तास. २००० चा सेल असेल तर २०० मिलिअँपिअर. मग एक व्होल्टपर्यंत उतरवायचा, त्याखाली नाही. पुन्हा सोळा तास. असं तीन-चार वेळा. मेमध्ये इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा हे सगळं रात्री, खाली गार फरशीवर.

काही सेल या फेऱ्यांमध्ये चकित करतात. ६४० वर असलेला सेल चौथ्या फेरीला १४२० देतो. जो सेल वर्षभर कपाटात नुसता पडून होता, त्याच्या आतल्या मिश्रधातूचा पृष्ठभाग मरगळलेला असतो; वापरात आला की तो पुन्हा कामाला लागतो. पण ज्याला कोणी रोज चार्जरवर लावून विसरलं आहे, त्याच्या आतलं पाणी वाफ होऊन सुरक्षेच्या झडपेतून निघून गेलेलं असतं, धातूही गंजलेला असतो. त्याला सोळा तास द्या की साठ, काही फरक पडत नाही. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. फरक फक्त फेऱ्यांमधून कळतो.

एकदा पोटापाण्यासाठी मी एका चार्जरची माहितीपुस्तिका मराठीत करत होते. त्यातल्या ‘रिफ्रेश’ नावाच्या बटणासाठी मी कागदावर पाच शब्द लिहून बाबांपुढे ठेवले: पुनरुज्जीवन, नवसंजीवनी, ताजेतवाने, पुनर्भरण, नूतनीकरण. त्यांनी चष्मा वर करून पाचही वाचले आणि पाचही खोडले. “जीव वापस येत नाही गं. झोपलेला असला तर उठते, मेलेला असला तर नाही. उठवणे लिही.” तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही मूळ आणि अनुवाद यांच्या नात्यावर बरीच चर्चा केली होती, इतका नेमका आक्षेप तिथे माझ्या कानावर आला नव्हता. शब्दाने वस्तूपेक्षा जास्त वचन देऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

उठवण्याची ही हौस आपल्याकडे नवी नाही. ट्रान्झिस्टरच्या दिवसांत बसलेले सेल उन्हात ठेवायची पद्धत घरोघर होती, आणि तिचा उपयोगही होत असे. साध्या कोरड्या सेलमध्ये, ज्याचं मूळ लक्लांशे या फ्रेंच माणसाच्या १८६६ च्या घटात आहे, विश्रांतीने आणि उबेने रासायनिक क्रिया थोडी सावरते. संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज यायचा. पण ते सेल भरत नव्हते, उरलंसुरलं देत होते. पुन्हा भरता येणारा निकेल-कॅडमिअम घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये केला. आज आपण वापरतो त्या निकेल-मेटल हायड्राइडच्या मागे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड ओवशिन्स्कीचं मोठं काम आहे. हा माणूस लेथवरचा कारागीर, कॉलेजात कधी न गेलेला. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं.

निकेल-कॅडमिअमबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: ‘मेमरी इफेक्ट’. सेल दर वेळी थोडाच वापरला तर तो तेवढंच लक्षात ठेवतो आणि पुढे तेवढंच देतो. आई गेल्यावर मला हे रूपक फार जवळचं वाटायचं. घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच उरलो आणि रोज तीच वाक्यं वापरू लागलो: चहा झाला का, गोळी घेतली का, दार लावलं का. आईच्या म्हणी, तिच्या शिव्या, कुणाच्या लग्नात कोण कसं रुसलं होतं ते, हे सगळं कुठेतरी तळाशी राहून गेलं. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी रूपक बाजूला ठेवून तंत्र तपासलं. तो परिणाम उपग्रहांतल्या सेलमध्ये दिसला होता, म्हणाले; प्रत्येक प्रदक्षिणेत अगदी ठरावीक तेवढंच उतरणं आणि चढणं. घरात इतकं नेमकं कोण वापरतं? घरातला सेल बहुतेक वेळा चार्जरला लावून विसरल्याने बिघडतो, आणि नाव मेमरीचं होतं. “म्हणजे ध्यान नाही दिलं, हा रोग आहे,” ते म्हणाले. त्या रात्री त्यांनी आपणहून आईच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली, तासभर.

मागच्या पावसाळ्यात त्यांना डॉक्टरांकडे न्यावं लागलं. ते गॅस बंद करायला विसरत होते आणि भनपुरीच्याच चौकातून घरी यायला त्यांना एकदा दीड तास लागला होता. डॉक्टरांनी गप्पा मारल्या तेव्हा बाबांनी छान उत्तरं दिली. मिलमधला पॅनल बोर्ड, पगाराचा दिवस, सगळं. मग चाचणी सुरू झाली. आजची तारीख काय? शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. कागदावर घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी वर्तुळ सुरेख काढलं. आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला दाटीने उभे राहिले आणि डावी बाजू रिकामी राहिली. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जास्तीत जास्त टिकवू.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नो-लोडला बरोबर दाखवते. लोड टाकला की बसते.”

हे त्यांच्या रोजच्या कामातलं वाक्य आहे. जुना सेल मीटरला नुसता लावला तर १.२ व्होल्ट दाखवतो, नव्यासारखाच. त्याच्यावर भार टाकला की व्होल्टेज कोसळतं, कारण वयाबरोबर आतला विरोध वाढलेला असतो. म्हणून ते कुठलाही सेल भाराशिवाय तपासत नाहीत. आणि म्हणूनच त्यांच्या डब्यात सेल टाकायचा की ठेवायचा हा एकच प्रश्न नसतो. त्याला काम कुठलं द्यायचं, हा खरा प्रश्न असतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला जो पुरत नाही, तो टीव्हीच्या रिमोटला पुरतो. ७०० चा सेल भिंतीवरच्या घड्याळात जातो आणि दर महिन्याच्या एक तारखेला, घड्याळ मागे पडायच्या आधीच, काढून भरला जातो. चार सेल एकत्र लागत असतील तर चारांची क्षमता जवळजवळ सारखी हवी; नाहीतर सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघं त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. तो अशाने कायमचा जातो. “जोरावाल्यांसोबत दुबळ्याले जुंपू नये,” हा त्यांचा नियम आहे.

आणखी तीन नियम आहेत. ब्लड प्रेशरच्या मशीनमध्ये आणि उशापासच्या टॉर्चमध्ये उठवलेला सेल कधीही घालायचा नाही; जिथे चूक चालत नाही तिथे नवेच. साध्या, रिचार्ज न होणाऱ्या सेलला चार्जर लावायचा नाही. आणि लिथिअमला हात लावायचा नाही. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा सेल फार खोल उतरला की आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतं. शेजारचा मुलगा फुगलेली मोबाइलची बॅटरी घेऊन आला होता. बाबांनी ती त्याच्याकडून अलगद घेतली, अंगणात वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि त्याला म्हणाले, “इसको नहीं उठाते बेटा.”

मी त्यांच्यावरचा भार कमी करायला लागले. बँकेची कामं, ओटीपी, गॅसचं बुकिंग, वीजबिल माझ्याकडे घेतलं. मग बाजारही घेतला, मग चहासुद्धा. दोन आठवड्यांत ते जास्त विसरू लागले, दुपारी झोपू लागले. यावर त्यांनीच एके दिवशी डब्याकडे बोट करून सुनावलं: काम न देता ठेवलेला सेलही उतरतो, पडल्यापडल्या, आणि उन्हाळ्यात लवकर. ते खरंच आहे. साधा मेटल हायड्राइड सेल काहीही न करता महिन्याभरात आपला मोठा हिस्सा गमावतो. भार जास्त झाला तर बसतो, काढून घेतला तर झिरपून जातो. चहा मी परत त्यांच्याकडे दिला, फक्त शेगडी इंडक्शनची आणली, जी भांडं उचललं की बंद होते. ओटीपी माझ्याकडेच राहिला. रविवारी भंडाऱ्याला आत्याला फोन करायचा तो त्यांनीच, नंबर वहीतून बघून.

जे उठत नाहीत त्यांच्यासाठी काचेची बरणी आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते तिच्यात जमतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ग्राहकाने वापरून संपलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत, वेगळ्या द्यायच्या. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते याच्यासाठी. बाबा चित्रापेक्षा कारण जास्त मानतात. जपानमध्ये जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमिअम भातशेतीत उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. त्या रोगाचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये. रायपूर खारून नदीचं पाणी पितं. भंगारवाला बरणी मागतो; बाबा देत नाहीत. ती भरली की मी शहरातल्या ई-कचरा घेणाऱ्यांकडे नेऊन देते.

आता नोंदी बहुतेक माझ्या अक्षरात असतात. बाबा मीटर बघून आकडा सांगतात, मी पट्टीवर लिहिते. परवा डब्यात एक सेल सापडला ज्याला दोन पट्ट्या होत्या, एकावर एक. दोन्ही त्यांच्याच अक्षरातल्या, तारीखही एकच. एकीवर ११८०, दुसरीवर १२१०. सकाळी मोजून पट्टी लावली होती आणि मोजल्याचं विसरून दुपारी पुन्हा मोजलं असणार. मी दोन्ही पट्ट्या तशाच राहू दिल्या. माप दोन्ही वेळा बरोबरच होतं. एवढा फरक मीटरचाही पडतो.