झोपणे आणि झोप लागणे

मराठीत 'झोपणे' आणि 'झोप लागणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'मी झोपते' या वाक्यात कर्ता मी आहे. अंथरुणाला पाठ टेकणे माझ्या इच्छेवर अवलंबून असते. 'मला झोप लागते' या वाक्यात मात्र कर्तेपण झोपेकडे जाते आणि मी केवळ अनुभव घेणारी म्हणून उरते. व्याकरणाच्या तासाला हा भेद मी अनेक वर्षे शिकवीत आले. या दोन क्रियांमधले अंतर किती लांब असू शकते, हे मला माझ्या सांध्यांनी शिकवले.

माझे सांधे प्रमाणाबाहेर लवचिक आहेत. हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध जात्याच सैल आहेत. डॉक्टर ही ठेवण 9 गुणांच्या एका साध्या चाचणीने पाहतात. करंगळी 90 अंशांहून अधिक मागे वळते का, अंगठा हाताच्या आतल्या बाजूस टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून अधिक मागे झुकतो का, असे दोन्ही बाजूंचे मिळून 8 गुण. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकले, तर नववा. शाळेत याच करामतींचे कौतुक होत असे. अशी लवचिकता म्हणजे आजार नव्हे. पुष्कळांना तिचा कधीच त्रास होत नाही. काहींना होतो, आणि मी त्या काहींपैकी एक आहे.

दिवसा सैल अस्थिबंधांचे काम स्नायू अंगावर घेतात. रात्री तेही विसावतात आणि सांध्यांना कोणी राखणदार उरत नाही. कुशीवर निजले की वरचा खांदा आपल्याच भाराने पुढे ओघळतो, वरचा गुडघा खाली कलंडतो आणि कमरेला पीळ बसतो. डोळा लागतो न लागतो तोच कळ येते. मग कूस बदलायची. 'कूस' हा शब्द संस्कृत 'कुक्षि'पासून आला; आईच्या उदरालाही आपण कूसच म्हणतो. इतक्या मायेच्या शब्दाची रात्रीतून दहादा धास्ती वाटावी, हे विचित्र खरे.

क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, रक्ताच्या तपासण्याही निर्दोष आल्या. 'तुम्हांला काही झालेले नाही,' असे मला एकाहून अधिक ठिकाणी सांगण्यात आले. पुढे एका डॉक्टरांनी 'किती दुखते?' असे न विचारता 'कसे दुखते?' असे विचारले, आणि माझ्या मदतीला मराठी धावून आली. खांद्यात कळ येते, कमरेत चमक भरते, गुडघा ठणकतो, बोटे आंबतात, मान अवघडते, पोटऱ्यांना रग लागते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 1975 साली कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेची 78 विशेषणे 20 गटांत मांडून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण कोणता शब्द निवडतो, यावरून वेदनेची जात आणि तीव्रता ओळखता येते, हे तिचे तत्त्व. जे चित्रात उमटत नाही, ते शब्दांत उमटू शकते. माझ्या दुखण्याला नाव मिळाले, ते या शब्दांच्या आणि त्या 9 गुणांच्या आधारे.

नाव मिळाल्याने दुखणे गेले नाही. पण 'झोपणे' माझ्या स्वाधीन झाले. आता दोन गुडघ्यांमध्ये घोट्यापर्यंत पोहोचेल अशी लांब उशी असते. छातीशी घडी केलेली गोधडी धरते, म्हणजे वरचा हात तिच्यावर विसावतो आणि खांदा पुढे ओघळत नाही. कमरेखालच्या पोकळीत गुंडाळलेला पंचा ठेवते. हात डोक्याखाली घ्यायचा नाही, मनगट दुमडायचे नाही. दिवसा फिजिओथेरपिस्टने शिकवलेले सावकाश व्यायाम करते, कारण स्नायू बळकट असतील तर सांध्यांना आधार मिळतो. ही सारी मांडामांड माझ्या हातची आहे. झोप लागणे अजूनही तिच्या मर्जीवर आहे. काही रात्री ती येते, काही रात्री येत नाही.

ज्या रात्री ती येत नाही, त्या रात्री मला आपल्या भाषेची आणखी एक सोय आठवते. आपण 'माझा खांदा दुखतो' असे म्हणतो; 'मी दुखते' असे म्हणत नाही. दुखण्याचे कर्तेपण खांद्याकडे. मी त्या खांद्याची धनीण, एवढेच. हे अंतर लहान असले, तरी अंधारात तेवढ्या जागेत टेकता येते. दिवसभराचे काम उरकून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तुम्हांपैकी अनेकांची पाठ वा पाय याच वेळी बोलू लागत असतील. त्यांना नेमका शब्द द्या. 'दुखते' एवढ्यावर थांबू नका.

आणि मग कधीतरी उजाडते. मराठी व्याकरणात 'उजाडणे' हे भावकर्तृक क्रियापद आहे. त्याला वेगळा कर्ता लागत नाही. कोणी काही करावे लागत नाही, ते आपोआप घडते.